तीन राजांपर्यंत थांबलेला चेक

जोलिएट, इलिनॉय
मंगळवार, १९ डिसेंबर २०२३

प्रिय एवारिस्तो काका,

शुक्रवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की गुआदालुपे मातेच्या सणाच्या सकाळी मी तुम्हाला "फक्त एक प्रश्न विचारला". ते खोटं आहे. मी प्रश्न विचारला नाही, आरोप केला. चौदा माणसांसमोर, हातात कर खात्याची नोटीस आणि शाळेच्या फीचं पान धरून. आणि इंग्रजीत केला, कारण इंग्रजीत तुम्हाला उत्तर शोधायला वेळ लागतो हे मला माहीत होतं.

ही पहिली दुरुस्ती. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. मी म्हणाले होते की २०२२ साली तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीच्या, सित्लालीच्या शिक्षण-बचत खात्यातून नऊ हजार तीनशे डॉलर काढले आणि ते शाळेत पोचलेच नाहीत. रुफिना आत्यानं मध्येच विचारलं, "अगं, मग जानेवारीत तीन राजांच्या सणाला हिच्या बुटात ठेवलेलं ते पाकीट?" त्यावर मी म्हणाले, "ते २०२३चं. ते वेगळे पैसे."

ते वेगळे नव्हते. तेच होते: शाळेच्या २०२३च्या पानावर तुमच्या नावानं नेमके नऊ हजार तीनशे जमा आहेत.

तुमच्या तळघरातल्या खणात खात्याची तिमाही पत्रकं रबरात बांधून ठेवलेली आहेत. बहुतेक बंद पाकिटं. त्यातली दोन मी फोडली (तुमची परवानगी न घेता, हेही लिहून ठेवते). बारा वर्षांत तुम्ही त्या खात्यात दर महिन्याला पैसे भरलेत, छपरांची कामं बंद असलेल्या हिवाळ्यातसुद्धा, आणि काढलेत फक्त एकदा. १९ डिसेंबर २०२२ला. त्या पैशांचा बँकेकडून शाळेच्या नावानं चेक करून घेतलात आणि तो ६ जानेवारीपर्यंत उशीखाली ठेवलात, कारण तीन राजांच्या आधी दिलेली भेट ही भेट नसून उचल असते, असं तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. पाकीट बुटातून निघालं ते बंदच शाळेत गेलं. भेटीचे पैसे उघडून मोजायचे नसतात, म्हणून आमच्यापैकी कोणीही आकडा पाहिला नाही. पाहिला असता तर माझी जीभ थांबली असती.

तुम्ही मला एवढंच विचारलंत, "मी घेतले असं तुला वाटतं?" आणि मी म्हणाले, "कागद म्हणतो."

कागद तसं म्हणत नव्हता. कागद म्हणत होता की पैसे काढले गेले. पुढचं मी म्हणत होते.

तुम्ही हात पुसलेत, आईला "जेवण छान झालंय वहिनी" म्हणालात आणि खाली गेलात. अर्धा तामाल ताटात तसाच होता. दुसऱ्या दिवशी घर सोडून नेब्रास्काला, कारखान्यात कामाला.

आता कामाचं. कर खात्याची ती नोटीस तुमच्या नावाची आहे आणि उत्तर १० जानेवारीच्या आत द्यायचं आहे. (पाकीट सणाच्या आदल्या दिवशी, सोमवारी उघडलं गेलं, म्हणून मजकूर मला माहीत आहे.) असल्या खात्यातले पैसे शाळेच्या फीला लागले, तर त्यांच्यावरच्या वाढीला कर नाही. पण काढणं आणि फी भरणं एकाच वर्षात व्हायला हवं, आणि सरकारचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. तुमच्या कागदावर पैसे २०२२चे आहेत आणि चेक २०२३चा. सहा दिवसांनी चुकलं. सरकारला शाळा दिसत नाही, त्याला फक्त काढलेले पैसे दिसतात. म्हणून २,७९० डॉलरच्या वाढीवर कर आणि वर दहा टक्के, मिळून ६१४ आणि थोडं व्याज मागितलंय.

मला वाटतं, ते भरावे लागतील. पण अजून भरू नका. मी वाचते आहे.

तुमची पुतणी,
नोएलिया


शुक्रवार, २२ डिसेंबर २०२३

प्रिय काका,

भरावे लागणार नाहीत! एक सेंटसुद्धा नाही. आधी हे वाचून घ्या, मग बसून बाकीचं वाचा.

बुधवारी कॉलेजात हिशेब शिकवणाऱ्या टिलमन सरांना गाठलं. त्यांना नाव सांगितलं नाही, "एका गृहस्थांचं असं झालंय" म्हणाले. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "त्या मुलीची फी त्या वर्षी कोणी भरली होती का?"

"हो. तिच्या वडिलांनी. दर महिन्याला."

"मग झालं की."

"पण सर, ती वडिलांनी भरली. खातं काकांचं आहे."

"खर्च मुलीचा आहे ना? तिच्या नावानं खातं, तिच्या नावानं फी. पैसे कुणाच्या खिशातून गेले हे सरकार विचारत नाही. त्या वर्षात तिची फी किती झाली आणि खात्यातून किती निघाले, एवढंच बघतं. फी जास्त असेल तर विषय संपला." मग चष्मा खाली आणून म्हणाले, "गृहस्थांना सांग, घाबरू नका. तू मात्र जरा पाणी पी."

काका, तुमच्या लक्षात येतंय का? शाळेचं जे पान मी त्या सकाळी सगळ्यांसमोर फडकावलं, त्यात तुमच्या नावावर काही नव्हतं हे खरं. पण त्याच पानावर बाबांच्या नावानं दहा हप्ते होते. मी फक्त रिकामी जागा वाचली. भरलेल्या दहा ओळी माझ्याच अंगठ्याखाली होत्या.

पण पडद्यावरून छापलेलं पान उत्तराला जोडून चालत नाही, शाळेचा शिक्का हवा. आणि गुरुवार हा नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आईनं कामावरून अर्धी रजा काढली आणि माझ्याबरोबर आली, मी नको म्हणत असतानाही. फीच्या खिडकीत मिसेस ग्रेगोरिच कोट घालून, टोपी घालून, दिवा बंद करण्याच्या बेतात.

"जानेवारीत ये गं बाळ."

आई आपल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "जानेवारीत हिचे काका तुरुंगात असतील."

"आई! कोणी तुरुंगात जात नाही."

"तू गप्प. तू बोललीस म्हणून तर हे सगळं झालं." आणि खिडकीकडे वळून, "सेन्योरा, तुरुंग. माझा दीर. चांगला माणूस."

मिसेस ग्रेगोरिचना आपल्या भाषेतले फार तर तीस शब्द येतात, त्यात तुरुंग आहे असं दिसलं. त्यांनी टोपी काढली. "तो तर नव्हे, ज्यानं आमच्या जिमचं छप्पर दुरुस्त केलं आणि मजुरी घेतली नाही? बरं. कुठलं वर्ष हवं? आमचं की सरकारचं?"

"सरकारचं. जानेवारी ते डिसेंबर २०२२."

"शाबास. सगळे ऑगस्टपासून मागतात आणि मग एप्रिलमध्ये रडत येतात." छापता छापता त्याच सांगत होत्या, "गणवेश, बस, जेवण ह्यात धरलेलं नाही. ही निव्वळ फी. तुला तीच हवी." ९४०चे दहा हप्ते, ९,४०० डॉलर. तुम्ही काढलेत ९,३००. वरची मर्यादा वर्षाला दहा हजार, तिच्याही आत. त्यांनी शिक्का मारला तो इतक्या जोरात की खिडकीची काच हलली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आम्ही भरत होतो म्हणून तो सुटला?"

"हो."

"आणि तो देणार होता म्हणून आम्ही दम काढला." थोडं चालून मग, "तुझ्या बाबांना नको सांगूस, छाती फुगेल. किंवा सांग. बऱ्याच दिवसांत फुगली नाही."

सोबत उत्तराचं पत्र आहे, मी लिहिलेलं, पण तुमच्या तोंडचं. आणि नोटिशीसोबत आलेलं पान. त्यावर दोन चौकोन आहेत: "सहमत" आणि "असहमत". तुम्हाला "असहमत"वर खूण करून खाली सही करायची आहे. पिवळ्या चिकट चिठ्ठीवर बाण काढलाय. खूण मी केलेली नाही, कारण पान तुमचं आहे.

परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलंय.

नोएलिया


मंगळवार, २ जानेवारी २०२४

काका,

पाकीट आज आलं. तुम्ही "सहमत"वर खूण केलीत. माझा पिवळा बाण सोलून शेजारच्या चौकोनाकडे वळवून चिकटवलात. आणि आत ६१४ डॉलरची मनिऑर्डर.

मी जिन्यातच बसले. बाबांनी पान हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि हसायला लागले. "माझा भाऊ! तू त्याला चोर म्हणालीस, आता तो दंड भरून तुझ्या तोंडावर फेकतोय. घे म्हणावं, मिटव."

"पण त्यांनी काही केलेलंच नाही, बाबा!"

"म्हणून तर भरतोय. केलं असतं तर भांडला असता."

सित्लाली म्हणाली, "ताई, सोपं आहे. दुसरं पान छाप, 'असहमत' कर, सही ह्याच्यावरून उतरव. काकांना कळणारसुद्धा नाही."

"त्यांना कळणार नाही म्हणूनच मी करणार नाही."

"तू ना, देवाच्या दारात गेलीस तरी आधी पावती मागशील."

तर मी पाठवलेलं नाही. तुमची मनिऑर्डर ह्या पत्रात परत आहे, टाचणीनं जोडलीय, घडीसुद्धा मोडलेली नाही. आता मी जे लिहिते ते रागानं वाचलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्हाला वाटतंय की पैसे भरले की तोंडं बंद होतील. पण तुम्ही सहमत कशाशी होताय? त्या पानावर चौकोनाशेजारी जे लिहिलंय त्याचा अर्थ सांगते: सरकारचं म्हणणं मला मान्य आहे. आणि सरकारचं म्हणणं असं की ते पैसे शाळेच्या कामाचे नव्हते. तुमची सही खाली गेली की हे तुमच्या नावानं सरकारदरबारी कायमचं राहील, तुमच्याच हातानं. मी चौदा माणसांसमोर बोलले, ते लोक वर्षभरात विसरतील. कागद विसरत नाही. बारा वर्षं उन्हात आणि थंडीत छपरांवर चढून जमवलेल्या पैशांबद्दल तुम्ही स्वतः लिहून देणार की ते सित्लालीच्या शिक्षणाचे नव्हते? मग तुमच्या रागाला तरी काय अर्थ उरला? तुम्ही रागावलात ते मी खोटं बोलले म्हणून ना?

आणि मी काही गोष्टी दडवल्या आहेत. त्या दडवून तुमच्याकडून खरी सही मागता येत नाही.

मी लिहिलं होतं, पाकीट "उघडलं गेलं". ते मी उघडलं. नववीत असल्यापासून तुमची सगळी पत्रं मीच वाचून दाखवत आले, पण नेहमी तुम्ही आणून द्यायचात, मी फोडायचे, तुम्ही समोर बसायचात. त्या सोमवारी तुम्ही कामावर होतात. तुमच्या येण्याची वाट बघायला चार तास लागले असते. मी थांबले नाही, आणि रात्रीत सगळा खटला मनातल्या मनात चालवून निकालही देऊन टाकला.

का थांबले नाही, तेही. खातं तिच्या नावाचं होतं. ती जन्मली तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि तुम्ही तिच्या बाप्तिस्म्यापासून तिचे धर्मपिता आहात, माझे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी सरकारी शाळेत गेले, कॉलेजची फी गोदामात खोकी भरून कमावली. ह्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि ते मला कुणी दिलं नाही, ह्याचा मला अभिमान होता. अभिमानाच्या खाली काय होतं ते त्या सकाळी बाहेर आलं. "काकांनी पैसे खाल्ले" म्हणताना माझ्या आवाजात दुःख नव्हतं. तुम्ही ऐकलंत ना ते? आईनं ऐकलं. म्हणून ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

कोरं पान पुन्हा पाठवते. ह्या वेळी बाण लावलेला नाही. दोन्ही चौकोनांशेजारी पेन्सिलनं आपल्या भाषेत अर्थ लिहिला आहे. तुम्ही वाचा, आणि जे खरं असेल तिथे खूण करा. पुन्हा "सहमत" केलंत तर मी ते तसंच पाठवीन, शप्पथ. माझ्या मनाविरुद्ध पाठवीन, पण तुमचं पान तुमचंच राहील.

१० तारखेला फक्त आठ दिवस आहेत. सोबत तातडीच्या टपालाचं पाकीट आहे, पैसे भरलेले.

नोएलिया


शनिवार, ६ जानेवारी २०२४

प्रिय काका,

फोनवर बोललो त्याला दोन तास झाले, आणि तरी लिहिते आहे, कारण फोनवर मला काही धड बोलता आलं नाही.

सकाळी टपालवाल्यानं पाकीट दिलं तेव्हा सगळे स्वयंपाकघरात तीन राजांच्या सणाचा पाव कापत होते. मी ते तिथेच फोडलं. "असहमत". खूण इतकी दाबून केलेली की पानाच्या मागून बोटाला लागते. बाबांनी पान उंच धरलं आणि घरभर फिरवलं. सित्लाली ओरडली, आईनं क्रूसाची खूण केली आणि मी सहीकडे बघत राहिले, कारण सहीशेजारी तारीख नव्हती.

मागच्या बाजूला तुमचं एक वाक्य: "तारीख तू टाक. तुझं अक्षर चांगलं आहे."

सगळे म्हणाले, टाक. रुफिना आत्या म्हणाली, "परवानगी लिहून दिलीय, अजून काय आकाशवाणी हवी?" पण मला माहीत नव्हतं तुम्ही कोणत्या दिवशी सही केलीत. अंदाजानं लिहायची? तारखेच्याच घोळातून तर हे सगळं उभं राहिलं! म्हणून फोन केला. पंचवीस दिवसांत तुम्ही पहिल्यांदा उचललात.

"कोण?"

"नोएलिया."

"पान मिळालं नाही?"

"मिळालं. तारीख राहिलीय."

"लिहिलंय ना, तू टाक म्हणून."

"कुठली टाकू? तुम्ही सही कधी केलीत ते मला माहीत नाही."

मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"गुरुवारी," तुम्ही म्हणालात. "जेवणाच्या सुट्टीत. हातमोजे काढून."

"म्हणजे चार जानेवारी."

"गुरुवारी चार असेल तर चार. तू बदललेली नाहीस गं पोरी."

ते कौतुक होतं की काय होतं, मला कळलं नाही. मी "हो" म्हणाले. हे काय उत्तर झालं!

चार जानेवारी लिहिलं. मोठ्या टपाल कचेरीत शनिवारी दुपारपर्यंत खिडकी उघडी असते. बाबा, मी आणि सित्लाली तिघंही गेलो, जणू मिरवणूक. सहा पानं: नोटीस, तुमचं पान, उत्तराचं पत्र, शिक्क्याचं फीपत्रक, खात्याची पत्रकं दोन. खिडकीतल्या बाईनं पोचपावतीचं पाकीट हातात घेऊन तोललं तेव्हा बाबा तिला म्हणाले, "जपून. त्यात माझा भाऊ आहे."

पावती जपून ठेवली आहे. वाट बघायची.

नोएलिया


बुधवार, २० मार्च २०२४

प्रिय काका,

जिंकलो!

कर खात्याचं पत्र मागच्या मंगळवारी आलं. तुमच्या नावाचं. मी फोडलं नाही. तुम्हाला फोन लावला, तुम्ही "फोड बाई एकदाची" म्हणालात, तेव्हा फोडलं, आणि फोनवरच वाचून दाखवलं. तरी मूळ पत्र सोबत पाठवते, तुमच्या खणासाठी. तुमचं स्पष्टीकरण मान्य. देणं काही नाही. विषय बंद. एवढ्यासाठी त्यांनी दीड पान घेतलंय, पण मला त्यातला शब्द न् शब्द आवडतो.

त्याच आठवड्यात मी जे केलं ते तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, कारण भीती वाटत होती. मी आणखी एक नियम वाचला. केंद्र सरकार शाळेची फी मानतं, पण आपलं इलिनॉय राज्य मानत नाही. इथे फक्त कॉलेजचा खर्च चालतो. तुम्ही दर वर्षी खात्यात पैसे भरताना राज्याच्या करात सूट घेतली असेल, तर शाळेसाठी पैसे काढल्यावर त्यातली सूट परत करायला लागते. कोणी विचारलेलं नाही, कोणी विचारणारही नाही कदाचित. पण मला कळलंय, आता न कळल्यासारखं कसं करू? तुमची परवानगी घेऊन (आठवतं, मी विचारलं होतं, "जुनी करपत्रकं बघू का?" आणि तुम्ही म्हणालात, "उंदीर नसतील तर बघ") मी तळघरातली बारा वर्षांची पत्रकं जमिनीवर मांडली. एकेक रकाना बोट ठेवून बघितला.

तुम्ही एकदाही सूट घेतली नव्हती. बारा वर्षांत एकदाही नाही! अशी सूट असते हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. जी घेतलीच नाही ती परत काय करणार? मी तिथेच पत्रकांच्या मधोमध बसून एकटी मोठ्यांदा हसले. वरून सित्लाली ओरडली, "ताई, बरी आहेस ना?" (तुमचं नुकसान झालंय, ते वेगळं. त्यातलं अलीकडचं काही अजून मागता येईल का ते बघते आहे. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

आणि काल संत योसेफाचा दिवस, म्हणजे त्याच नावाच्या बाबांचा नामदिन. तेच चौदा जण, तुम्ही सोडून तेरा. जेवण सुरू होण्याआधी मी उभी राहिले. मी आपल्या भाषेत बोलले. म्हणाले, "बारा डिसेंबरला मी ह्याच टेबलाशी सांगितलं की एवारिस्तो काकांनी सित्लालीचे पैसे घेतले. ते खोटं होतं. कागद चुकीचा नव्हता, वाचणारी चुकीची होती. काकांनी बारा वर्षं पैसे भरले, एकदाच काढले, आणि काढलेला पैसा न् पैसा शाळेला दिला. सरकारनंही ते मान्य केलंय. हे पत्र." आणि दीड पान मोठ्यानं वाचलं, तिथल्या तिथे भाषांतर करत.

मामेभाऊ चेमा म्हणाला, "म्हणजे काकांनी खरंच काही खाल्लं नाही? मी तीन महिने त्यांच्याकडे आदरानं बघत होतो!" आईनं त्याच्या डोक्यात पळी मारली. मग सगळे एकदम बोलायला लागले. रुफिना आत्यानं मला तीनदा वाचायला लावलं, "देणं काही नाही" ह्या ओळीपाशी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवून. बाबा उठून बाहेर अंगणात गेले आणि बराच वेळ गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले. गाडीला काही झालेलं नव्हतं.

मिसेस ग्रेगोरिचनाही सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय: जिमचं छप्पर अजून गळत नाही.

सित्लालीच्या शाळेचा पदवीदान समारंभ रविवारी, १९ मे रोजी आहे. ती स्वतः लिहिणार आहे तुम्हाला. मी काही म्हणत नाही.

नोएलिया


गुरुवार, ९ मे २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र मिळालं. पहिलंच! पाच ओळींचं. मी ते आईला वाचून दाखवलं, मग बाबांना, मग आईला पुन्हा.

"मी त्या घरातून माझ्या पायांनी निघालो," तुम्ही लिहिता. "परत माझ्या पायांनी येणार नाही. सणाच्या ताटावरून उठलेल्या माणसाला बोलावणं धाडून भागत नाही. ज्यानं उठवलं त्यानं न्यायला यावं. शिवाय माझ्या गाडीचा गिअर गेलाय."

आईचं म्हणणं पडलं, "बरोबर आहे त्याचं." बाबा म्हणाले, "मी जातो, मी भाऊ आहे." आई म्हणाली, "तू उठवलंस का?"

तर मी येते. मी आजवर महामार्गावर गाडी चालवलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गोदाम आणि कॉलेज, तेही ट्रक जातात त्या रस्त्यावरून नाही. गेले तीन रविवार बाबा मला मोठ्या रस्त्यावर नेतायत. ते दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसतात आणि म्हणतात, "छान. छान चालवतेस. ट्रक. ट्रक! छान." जोलिएट ते तुमचं लेक्सिंग्टन अकरा तास, मध्ये आयोवा अख्खं. कुठे थांबायचं, कुठे पेट्रोल भरायचं, सगळं लिहून काढलंय. तुम्ही हसाल त्या यादीला. हसा.

गोदामातून दोन दिवसांची रजा मिळाली आहे. तुमच्या पाळीच्या साहेबांना तुम्ही शनिवारची सुट्टी सांगून ठेवा, आणि इस्त्रीचा शर्ट नसेल तर तसाच या, आई इथे करील. तुमची पाळी दुपारी साडेतीनला सुटते ना? मी कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावून बाहेर उभी असेन. पहाटे चारला निघते, शुक्रवारी, १७ मे रोजी.

नोएलिया